मेयरसाहेबांचं ऊन

शनिवार, २ डिसेंबर २०१७. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं.

प्लास्टिकच्या टबच्या कडेला लाल दिव्याचा चिमटा बसवत होतो. बसला. हलवून पाहिला, पक्का आहे. आता लिहायला बसलो आहे, कारण दुसऱ्याचा जीव आपल्या ताब्यात आला की काय केलं, कधी केलं याची नोंद असलेली बरी.

जीव म्हणजे कासव. सकाळी कर्टिस आला आणि बुटांच्या खोक्यातून ते देऊन गेला. कर्टिस माझ्याबरोबर धान्यकोठारावर ट्रक वजन करायचा. आता तेलाच्या कामावर शेजारच्या आल्बर्टा प्रांतात चालला आहे. "याला काही लागत नाही रे रेमी, कोबीचं पान टाक, झालं," असं म्हणून गाडीत बसला. दीड वर्षाचं आहे म्हणे. मध्यम बटाट्याएवढं. डोळे मिटलेले, पाय गार.

त्याला ऊब हवी एवढं मलाही कळतं. आईच्या शेतावर मार्चमध्ये कोंबडीची पिल्लं यायची तेव्हा त्यांच्यावर हाच लाल दिवा टांगायचो. इथे सगळेच तसं करतात. म्हणून आईकडून आणलेल्या सामानातला दिवा काढला. कासव दिव्याखाली गेलेलं नाही, कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं आहे. सवय नसेल.

रविवार, ३ डिसेंबर

घरमालकीण हॅव्रिलकबाई आज तळघरात आल्या. बूट घालून आल्या. मी राहायला आलो त्या दिवशी याच बाईंनी मला दारातच बूट काढायला लावले होते, म्हणून आधी मी बुटांकडेच पाहत राहिलो.

"पोरा, काय पेटवलंयस इथे?"

"पेटवलं नाही बाई, दिवा आहे. पिल्लांचा."

"पिल्लांचा दिवा मला ओळखू येतो. अंगणातून तुझी खिडकी नरकाच्या तोंडासारखी लाल दिसतेय. आत्ताच चर्चमध्ये तेच ऐकून आलेय, घरी परत बघायचं नव्हतं मला."

बोलता बोलता वाकून त्यांनी प्लग ओढून काढला. मग टबात पाहिलं.

"हे काय?"

"कासव. रशियन कासव म्हणतात याला."

"रशियन?"

"जात आहे बाई ती. कासवाची जात."

"मला काय सांगतोस? माझा बाप युक्रेनमधून पळून आला तो त्यांची जात बघूनच. भाडं आगाऊ देतो का हा?" मग हसू अर्ध्यावर सोडून म्हणाल्या, "माझ्या छपराखाली हा दिवा लागणार नाही. का ते विचारू नकोस."

रात्री गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून टबाखाली ठेवली. बाईंना कासव मुळीच आवडलेलं नाही, हे स्पष्ट आहे.

मंगळवार, ५ डिसेंबर

त्यांच्या स्वयंपाकघराची मोठी खिडकी दक्षिणेला आहे. घाबरत विचारलं, दिवसा टब तिथे ठेवू का. म्हणाल्या, "उन्हाला मी नाही म्हणत नाही. ऊन प्लगला लावावं लागत नाही."

आमच्याकडचं हिवाळी ऊन म्हणजे डोळे दिपवणारं. बाहेर उणे पंचवीस असलं तरी काचेच्या आत टोमॅटोची रोपं वाढतात, मांजरं वाढतात, म्हातारी माणसंही सुखात वाढतात. कासवही वाढेल. फुकटात प्रश्न सुटला.

शुक्रवार, ८ डिसेंबर

बाईंनी कासवाला 'मेयर' म्हणायला सुरुवात केली आहे. "दिवसभर उन्हात बसायचं, करायचं काही नाही, आणि मान बाहेर काढायची ती फक्त खायला! दुसरं काय नाव ठेवणार?" मी स्वतः नाव ठेवलेलं नाही. जगेल याची खात्री होईपर्यंत ठेवणार नाही.

कामावरून आलो की टब रोज खिडकीपासून हललेला असतो. बाईंच्या खुर्चीजवळ असतो. वास येतो का ते बघत असतील. मी टब रोज पुसतो, तरी त्यांची खात्री पटत नाही.

सोमवार, ११ डिसेंबर

आज त्याला कोमट पाण्यात ठेवताना पाठीला अंगठा लागला आणि कडेची ढाल, म्हणजे कवच, आत दबली. पुन्हा दाबून पाहिलं. दबते. दुधाचा पुठ्ठ्याचा डबा दाबावा तशी. पोटाकडून तर आणखी मऊ आहे. चालताना मागचे पाय ओढतं. खाणं पानाच्या दोन चाव्यांवर आलं आहे.

ऊन होतं, ऊब होती, पान होतं. मग चुकलं कुठे? झोप येईना, म्हणून लाल दिवा पुन्हा लावावा असं मनात आलं. लावला नाही. यॉर्कटनला कासवं बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत, गुरुवारची वेळ मिळाली.

गुरुवार, १४ डिसेंबर

डॉक्टर थीसन. गाईगुरांच्या डॉक्टर आहेत, पण त्यांच्या स्वतःच्या घरी तीन कासवं आहेत. मेयरला तळहातावर घेऊन त्यांनी ढाल दाबली आणि मला म्हणाल्या, "तुझं अंगठ्याचं नख दाब. आता बोटाचं टोक दाब. या वयाची ढाल नखासारखी हवी. याची बोटाच्या टोकासारखी आहे."

मी म्हटलं, "पण रोज सहा तास उन्हात असतो तो, डॉक्टर. आमच्या दक्षिणेच्या खिडकीत."

"काचेच्या आत?"

"बाहेर कसा ठेवू? उणे पंचवीस आहे."

त्या हसल्या, पण मला हसल्या नाहीत. "या भागातलं माझ्याकडे येणारं प्रत्येक कासव दक्षिणेच्या खिडकीतून येतं. उन्हात एक न दिसणारा भाग असतो, त्याच्यामुळे हाडं घट्ट होतात. काच उजेड आत सोडते, ऊब सोडते, तेवढा भाग अडवते. म्हणजे तू त्याला रोज ताट वाढलंस आणि त्यातलं मीठ-डाळ काढून घेतलंस."

लाल दिव्याचंही विचारलं. तो ऊब देतो, पण हाडांसाठी त्यात काही नाही. शिवाय तो रात्रंदिवस जळला तर कासवाला रात्र होत नाही, आणि एकाच जागी तळपून अंग कोरडं पडतं. कोंबडीचं पिल्लू पिसं येईपर्यंत पाच-सहा आठवडे काढतं, म्हणून तिथे चालून जातं.

हवं आहे ते असं: उन्हाचा तो भाग देणारी खास ट्यूब, ती दिवसा बारा तास, मध्ये काच नको. तिच्याच बाजूला ऊब, एका टोकाला बत्तीस-तेहेतीस अंश, दुसरं टोक गार, म्हणजे त्याला स्वतःला जागा निवडता येते. खाण्यावर कॅल्शियमची पूड. ट्यूब तापत नाही फारशी. प्रश्न उबेचा. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. तापणारा दिवा, स्वस्त पण भयंकर गरम. चिनी मातीचा गोळा, उजेड नाही पण दिव्याहून गरम. आणि कासवाच्या पेटीच्या झाकणाला आतून स्क्रूने बसवायची, विजेवर मंद तापणारी चपटी पाटी. ती महाग, पण चिमटा नाही, काच नाही, पडायला काही नाही.

"घाई कर," म्हणाल्या. "दोन महिन्यांनी आण. तोवर फरक दिसला पाहिजे. नाही दिसला तर वेगळं बोलू." वेगळं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्यांनी सगळं लिहिलेला कागद दिला. मी दहावीच्या पुढे शिकलो नाही, म्हणून तो गाडीत दोनदा सावकाश वाचला.

शुक्रवार, १५ डिसेंबर

बाईंना सगळं सांगितलं. ऐकताना त्या बटाटे सोलत होत्या. 'वेगळं बोलू' या शब्दांना सुरी थांबली.

"ट्यूब लाव. ट्यूब स्वयंपाकघरातही आहे माझ्या. पण तापणारं काही नको."

"बाई, उबेशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही. डॉक्टर म्हणतात..."

"सहा जानेवारीला या घरात गवत येतं, रेमी. टेबलक्लॉथखाली, टेबलाखाली, कोपऱ्यात. आमच्या जुन्या नाताळची पवित्र संध्याकाळ असते. गवत आणि तापलेलं काही एका घरात ठेवायचं नाही, हे मी शिकलेय. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं नाही ते."

मी पाटीचं चित्र दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "चित्र काय, सगळीच चांगली असतात," म्हणाल्या. "वस्तू आण. मग बघू."

पाटी, ट्यूब आणि ठरलेल्या उबेला पाटी आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट मागवला. बाईंनी नाही म्हटलं तर परत घेतील का, ते आधी विचारून घेतलं. घेतील.

डॉक्टरांचा कागद सापडत नाही.

शुक्रवार, २२ डिसेंबर

कागद सापडला. ब्रेडच्या डब्याखाली होता. तिथे कसा गेला कोण जाणे.

सामान काल आलं. आज सुट्टी होती. जेवण झाल्यावर बाईंनी कोट चढवला, शेजारच्या शेतावरून गवताचा भारा आणला आणि मला म्हणाल्या, "तुझा तो पिल्लांचा दिवा घेऊन अंगणात ये."

बर्फावर लोखंडी घमेलं ठेवलं, त्यात गवत पसरलं. बाईंनी मला दिवा लावायला लावला आणि तो माझ्याकडून घेऊन गवतावर सोडून दिला. उपडा पडला. आम्ही उभे राहिलो. इतकी थंडी की नाकातले केस काड्यांसारखे झाले होते. सिगारेट ओढून संपेल एवढ्या वेळात गवतातून धूर आला. मग मधोमध काळा ठिपका, त्याची कड लाल. बाईंनी प्लग काढला आणि बुटाने बर्फ लोटला.

"अठ्ठ्याऐंशी साल, मार्च," म्हणाल्या. "सत्तावीस कोकरं होती गोठ्यात, वर असाच दिवा. स्टेफन म्हणायचा, चिमटा काय बघायचा, वीस वर्षं तोच आहे. बरोबर. एकविसाव्या वर्षी सुटला." स्टेफन म्हणजे त्यांचे वारलेले यजमान. "आवाज येत होता कोकरांचा. त्यानंतर या घरात जनावर नाही. मांजरसुद्धा नाही."

मी "थंडी आहे, आत चला," एवढंच म्हटलं. आता वाटतं, काहीतरी बरं बोलायला हवं होतं.

मग मागच्या पडवीत पाटीची पाळी. मी फळीला स्क्रूने पाटी बसवली, खाली गवत. बाईंनी हात कमरेवर ठेवले. "आणि तो तुझा थर्मोस्टॅट बिघडला तर?"

हा प्रश्न मी रात्रीच स्वतःला विचारला होता. म्हणून थर्मोस्टॅट मध्ये न घेता पाटी सरळ प्लगला जोडली. "बिघडलाय असंच समजा, बाई. आता ही जास्तीत जास्त जितकी तापेल तितकी तापू दे." गवत तिला चिकटवून बांधलं, मोकळं ठेवलंच नाही.

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. मग कोबीच्या पानांत भात भरून गुंडाळत बसल्या, दर थोड्या वेळाने उठून पडवीत जायच्या, वाकून वास घ्यायच्या. अंधार पडेपर्यंत चाललं. गवत गरम झालं, कोरडं झालं, पण रंग बदलला नाही. शेवटी त्यांनी पाटीवर तळहात ठेवला. चटकन उचलला, पण भाजला नाही.

"माझा इस्त्री केलेला शर्ट याहून गरम असतो," म्हणाल्या. "ठीक आहे. पण तळघरात नाही. इथे, स्वयंपाकघरात. माझ्या डोळ्यांसमोर."

अजून विश्वास नाही त्यांचा. असो. परवानगी मिळाली.

शुक्रवार, २९ डिसेंबर

लाकडी पेटी तयार. गरम टोक तेहेतीस, गार टोक बावीस, रात्री अठरा. दोन्हीकडे तापमापक लावले आहेत, ट्यूब टाइमरवर सात ते सात. मेयर पाटीखाली येऊन, चारी पाय पसरून, मान लांब करून पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मेला असंच वाटलं. बाई म्हणाल्या, "मेला नाही रे, सुट्टीवर आहे."

टाइमर दोनदा कुणीतरी सहावर आणलेला सापडला. बाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी सहाला उठते. सहाला तोही जागा असतो. अंधारात काय बसायचं दोघांनी?" मी पुन्हा सातवर आणला. शिस्त हवी.

मंगळवार, २ जानेवारी २०१८

बाईंनी खिडकीत पसरट भांड्यात गहू रुजत घातला आहे. सणाचं काहीतरी असेल.

ढाल दाबून पाहिली. तशीच वाटते.

शनिवार, ६ जानेवारी

जुन्या पंचांगाप्रमाणे आज बाईंची नाताळची पवित्र संध्याकाळ. मला वर जेवायला बोलावलं. टेबलक्लॉथखाली गवत, पायाखाली गवत, कोपऱ्यात गव्हाच्या ओंब्यांची पेंढी. आणि त्याच खोलीत पाटी चालू. मी सांगून पाहिलं, आजच्या दिवस बंद करू, गरम पाण्याच्या पिशवीवर भागवू. बाई म्हणाल्या, "बंद कशाला? तपासली ना आपण?" पण पेटीभोवती दोनदा फिरून आल्या, वास घेत.

पहिला तारा दिसेपर्यंत जेवायचं नाही. मी खिडकीशी उभा राहून सांगितलं, दिसला. तर म्हणाल्या, "बस. आधी गोठ्याचा घास. जनावरांनी खाल्ल्याशिवाय माणसांनी खायचं नाही आज."

टेबलावर उकडलेल्या गव्हाचं, मध आणि खसखस घातलेलं सणाचं वाडगं होतं. त्या उठल्या तसं मला वाटलं तेच मेयरला घालणार, आणि मी ओरडलोच, "बाई, त्याला मध चालत नाही!"

"मला शिकवतोस? डॉक्टरीणबाईंचा कागद मीही वाचलाय. तुझ्यापेक्षा लवकर वाचला असेन." आणि खिडकीतल्या भांड्यातला हिरवागार कोवळा गहू कात्रीने कापून त्यांनी मेयरपुढे ठेवला.

त्याने मान काढली. आधी एक पात, मग दुसरी. खाताना करकर आवाज येत होता, तेवढाच खोलीत होता. बाई वाकून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं हा घास कुणाला घातला नव्हता," आणि कांदा न चिरताच डोळे पुसले. पाटीमुळे खोलीतली हवा कोरडी होत असेल. उद्या पाण्याचं भांडं ठेवतो.

शनिवार, २० जानेवारी

मनात शंका आहे ती लिहितो. डॉक्टरांकडे जाऊन पाच आठवडे झाले. खाणं सुधारलं, पाय ओढणं कमी झालं. पण ढाल? मला वाटतं घट्ट झाली, मग वाटतं माझा अंगठाच भित्रा झाला आहे. सॅस्काटूनला एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे तळघरभर कासवं, मोठमोठे दिवे, सगळं पद्धतशीर. फोनवर म्हणाले, पुढच्या रविवारी आणून सोड, मी बरं करतो.

मला मेयर नको झालेला नाही. पण मी ट्रक वजन करणारा माणूस, हे शास्त्र वाचून शिकतोय. माझ्या हौसेपायी त्याचा जीव जाऊ नये. शिवाय बाईंनाही स्वयंपाकघर मोकळं मिळेल.

बाईंना सांगितलं. "हूं," म्हणाल्या. संध्याकाळी रोज वरून येणारी जेवणाची थाळी आली नाही. विजेच्या बिलाचा राग असणार.

रविवार, २८ जानेवारी

गाडी सुरू झाली नाही. उणे चौतीस होतं. इथे इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीही विजेला जोडून ठेवतात; तो इंजिनाचा प्लग मी काल रात्री स्वतः लावला होता, लावून वायर हलवून पाहिली होती, मला नक्की आठवतं. सकाळी पाहतो तर प्लग बाहेर, बर्फावर पडलेला. इंजिन दगड.

बाई दारातून पाहत होत्या. "वाऱ्यानं पडला असेल," म्हणाल्या.

"रात्री वारा नव्हता, बाई."

"मग तुझ्याच हातून सैल राहिला. आत ये. अशा थंडीत त्या जीवाला चार तास गाडीतून न्यायला निघाला होतास, वेडा कुठला! गरम सूप आहे."

सूप घेतलं. मेयर पाटीखाली पसरला होता. सॅस्काटूनच्या गृहस्थांना फोन करून सांगितलं, डॉक्टरांच्या तपासणीनंतर बघू. सैल कसा राहिला ते अजून कळत नाही. यापुढे वायरला गाठ मारणार आहे.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

यॉर्कटन. बाईंना तिथे दोरा घ्यायचा होता म्हणून बरोबर आल्या. दोऱ्याच्या दुकानापाशी थांबवतो म्हटलं, तर "आधी तुझं उरकू" म्हणाल्या. मेयर त्यांच्या कोटाच्या आत होता, कारण खोक्यापेक्षा तिथे ऊब जास्त, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरांनी वजन केलं. पुन्हा केलं. मग ढाल दाबली, कडेने, वरून, पोटाकडून. बाई म्हणाल्या, "अहो डॉक्टरीणबाई, बोला काहीतरी, इथे माणसं म्हातारी होतायत."

"अंगठा दे," डॉक्टर मला म्हणाल्या. माझा अंगठा त्यांनी त्याच्या पाठीवर टेकवला. "दाब."

दाबला. दबली नाही.

"अजून जोरात."

"नको."

"बरं, नको. नखासारखी झालीय. पोटाकडे थोडी मऊ आहे, तीही उन्हाळ्यापर्यंत भरेल. हाच बंदोबस्त ठेव, काहीही बदलू नकोस." मग पाटी कशी निवडली ते त्यांनी विचारलं. मी सांगायच्या आत बाईंनी गवताची सगळी हकीकत सांगितली, कोकरांसकट. डॉक्टर ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या कासववाल्यांना मी हेच सांगेन. आधी गवत लावून बघा."

परतताना बाईंनी विचारलं, ही कासवं जगतात किती. म्हटलं, चाळीस वर्षं, पन्नासही. "म्हणजे मी याच्या लग्नाला नसणार," म्हणाल्या आणि स्वतःच मोठ्याने हसल्या. दोरा घ्यायचा राहिला. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सॅस्काटूनच्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलं. माझ्या वहीत तो इतके दिवस 'कासव' होता का 'मेयर', हे मागे जाऊन पाहिलं. मेयर मी कधीपासून लिहायला लागलो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आजवरचा खर्च. पेटीचं लाकूड आणि स्क्रू अडतीस डॉलर, पाटी एकशे एकोणीस, थर्मोस्टॅट बेचाळीस, ट्यूब आणि तिची पट्टी शहाण्णव, टाइमर नऊ, तापमापक सोळा, कॅल्शियम अकरा, पेट्रोल चव्वेचाळीस, डॉक्टर पहिल्यांदा पंच्याऐंशी, दुसऱ्यांदा साठ. एकूण पाचशे वीस. यातले डॉक्टरांचे साठ महिनाअखेरीस द्यायचे आहेत.

पाटीच्या आणि ट्यूबच्या विजेचे किती द्यायचे ते विचारायला पाकीट घेऊन वर गेलो. बाई मेयरला गहू कापून घालत होत्या. मागे न वळताच म्हणाल्या, "तुझं भाडं तू दे. भाडेकरू तू आहेस, तो घरचा आहे."

तेव्हा वीज: शून्य.